फ्लूची लस आणि कोरोना: पावसाआधी आपण दवाखान्यातल्या माणसांनी काय करायचं?

खाडीकाठची (रविवार, सकाळी)

नमस्कार मंडळी. मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. सतरा वर्षं झाली, त्यातली बरीचशी मेडिकल वॉर्डात गेली. धागा काढायचं कारण म्हणजे गेल्या आठवड्यात ड्युटी बदलताना झालेलं बोलणं. यंदा सगळ्या स्टाफने मिळून पाऊस लागायच्या आत फ्लूची लस घ्यावी, असं मी सुचवलं. नावांचा कागद फिरला आणि अर्ध्या जणींनी नाव घातलं नाही. एकीने मोबाईल पुढे केला. २०२० पासून फिरत असलेला तोच मेसेज: फ्लूची लस घेतली की कोरोना होण्याची शक्यता छत्तीस टक्क्यांनी वाढते, अमेरिकन सैन्याचा अभ्यास. तिच्या शेजारी बसलेली दुसरी म्हणाली, "अगं, उलट आहे ते. फ्लूची लस घेतली की कोरोना होत नाही, म्हणून तर मी कोरोनाचा तिसरा डोस घेतलाच नाही." दोघी माझ्या जवळच्या, दोघी कामात पक्क्या. आणि दोघींकडे वाचलेलं काहीतरी होतं.

मला त्या वेळी दोघींनाही नीट उत्तर देता आलं नाही, ते मनाला लागून राहिलं. पुढच्या चार रात्री भाच्याला सोबत घेऊन मूळ अभ्यास वाचले. इंग्रजी मला हळूहळू वाचावं लागतं, पण वाचले. समजलं ते मांडते. चुकलं असेल तर जाणकारांनी दुरुस्त करा, कारण गुरुवारपर्यंत यादी पुरी करायची आहे आणि मैत्रिणींना खरं तेच सांगायचं आहे.

आधी सैन्याचा अभ्यास. तो खरा आहे, कोणी मनाने रचलेला नाही. अमेरिकेच्या संरक्षण खात्यातल्या लोकांचे २०१७-१८ च्या फ्लूच्या हंगामातले नमुने त्यात आहेत आणि तो छापून आला जानेवारी २०२० मध्ये. म्हणजे कोविडची बातमी येत होती त्याच महिन्यात. त्यात कोरोना विषाणू हा शब्द आहे, पण तो कोविडचा विषाणू नव्हेच. २०१७-१८ मध्ये कोविड माणसांत आलेलाच नव्हता. साध्या सर्दीचे चार जुने कोरोना विषाणू आहेत, जे तुम्हाआम्हाला लहानपणापासून होत आलेत, त्यांच्याबद्दलचं ते वाक्य आहे. लस घेतलेल्यांत एकंदर श्वसनाचे विषाणू जास्त सापडले नाहीत, पण या सर्दीच्या कोरोनाचा आकडा १.३६ पट आला. मेसेजातले छत्तीस टक्के ते हेच.

तो १.३६ तरी कुठून आला, हे समजायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. तपासलेली सगळी माणसं सर्दी-खोकल्याची होती. तुलनेसाठी जो गट धरला त्यात फ्लू निघालेले रुग्णही मोजले होते. लस घेतलेल्यांत फ्लू कमी निघणारच, लसीचं कामच ते. मग उरलेल्या विषाणूंचा वाटा आपोआप मोठा दिसतो. हर्णैच्या मासळीच्या लिलावातली टोपली डोळ्यांपुढे आणा. ज्या दिवशी बांगडा कमी पडतो त्या दिवशी टोपलीत तारलीच तारली दिसते. म्हणून दर्यात तारली वाढली असं कोणी कोळीण म्हणणार नाही. कॅनडातल्या संशोधकांनी हाच दोष दाखवला. त्यांनी कॅनडातलीच २०१०-११ ते २०१६-१७ ची माहिती घेतली, तुलनेच्या गटातून फ्लूवाले बाजूला केले, आणि फ्लूच्या लसीने सर्दीचा कोरोना वाढताना दिसला नाही.

आता दुसऱ्या मैत्रिणीचं म्हणणं. त्यालाही आधार आहे, आणि तो आपल्यासारख्या दवाखान्यातल्याच माणसांवरचा आहे. नेदरलँड्समध्ये नाईमेखन शहरात राडबाउड विद्यापीठाचं रुग्णालय आहे. तिथल्या कर्मचाऱ्यांत २०१९-२० च्या हंगामात कोणी फ्लूची लस घेतली होती आणि कोणी नाही, आणि पहिल्या लाटेत कोणाला कोविड निघाला, हे जुळवून पाहिलं. न घेतलेल्यांत १०० मागे २.२३, घेतलेल्यांत १.३३. दहा हजारांचा हिशेब केला तर २२३ आणि १३३. दुसऱ्या लाटेतही कल तोच राहिला. त्यांनी प्रयोगशाळेत रक्तातल्या पेशींवर फ्लूची लस टाकून पाहिली, तेव्हा त्या पेशी कोविडच्या विषाणूलाही वेगळा प्रतिसाद देताना दिसल्या. शरीराची पहिल्या फळीची प्रतिकारशक्ती एका लसीने तयारीत येते आणि दुसऱ्या जंतूलाही थोडं तोंड देते, असा तो विचार आहे. हा अभ्यास ऑक्टोबर २०२१ मध्ये छापून आला.

कतारमध्ये याहून मोठा अभ्यास झाला, ३०,७७४ आरोग्य कर्मचाऱ्यांचा, २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबरमधला. तेव्हा कोविडची लस हाताशी नव्हतीच, म्हणून तुलना सोपी होती. नुकतीच फ्लूची लस घेतलेल्यांत कोविड २९.७ टक्क्यांनी कमी. पण त्या आकड्याचा पल्ला ५.५ पासून ४७.७ पर्यंत आहे. गंभीर कोविडसाठी ८८.९ टक्के असा मोठा आकडा आहे आणि लोक तोच पुढे पाठवतात. त्याचा पल्ला बघा: ४.१ ते ९८.७. गंभीर आजारी पडलेले कर्मचारी इतके थोडे होते की खरा आकडा यातला कुठलाही असू शकतो. आणि जे काही संरक्षण दिसलं तेही काही आठवड्यांत ओसरत गेलेलं दिसतं.

आमच्या वॉर्डाचंही सांगते. २०२० च्या जूनमध्ये आम्ही अकरा जणी होतो. चौघींनी पदरचे पैसे घालून फ्लूची लस घेतली होती. वर्षअखेरपर्यंत त्या चौघींत दोघींना कोरोना झाला, उरलेल्या सात जणींत चौघींना. अकरा माणसांवरून काहीच ठरत नाही. आमच्यातल्या निम्म्या तरी एकत्र डबा खाताना लागण होऊन पडल्या, असं मला आजही वाटतं. वॉर्डात पीपीई किट घालून सहा सहा तास काढायचे, आणि मग आठ बाय दहाच्या खोलीत, खिडकी पावसामुळे बंद, मास्क काढून पाच जणींनी भाकरी मोडायची.

माझं म्हणणं एवढंच: फ्लूची लस फ्लूसाठी घ्यायची. तिने कोरोना वाढत नाही, हे बऱ्यापैकी पक्कं आहे. तिने कोरोना कमी होतो हे पक्कं नाही, म्हणून त्या भरवशावर कोरोनाची लस किंवा मास्क सोडायचा नाही. आणि घ्यायची तर आत्ता, मे महिन्यात.

हे शेवटचं मी कळकळीने लिहिते आहे. आपल्याकडे फ्लू उसळतो तो जुलै ते सप्टेंबर, भर पावसात, गणपतीला मुंबईहून चाकरमानी येतात तेव्हा. लस घेतल्यावर अंगात बळ यायला दोन आठवडे लागतात. मी पूर्वी जिथे काम करायचे तिथे लस मागवली गेली ऑक्टोबरमध्ये, कारण कुठल्या तरी परदेशी पत्रकात ऑक्टोबर लिहिलं होतं. तोवर आमचा पाऊस सरला होता, वॉर्ड भरून रिकामा झाला होता. आणि आलेली पेटीही वाया गेली. तीस सिरिंजांची ती पेटी कोणीतरी साध्या फ्रीजमध्ये मागच्या गार पत्र्याला टेकवून ठेवली. सकाळी मी एक सिरिंज उजेडात धरली तर आत बर्फाची सुई दिसली. तासाभराने वितळून ती पुन्हा स्वच्छ पाण्यासारखी झाली, आणि "आता काय झालंय तिला?" असं मला विचारलं गेलं. गोठलेली फ्लूची लस टाकूनच द्यावी लागते. धनुर्वाताच्या किंवा बाळांच्या पेंटा (पाच रोगांवरच्या) लसीला आपण हलवून बघायची चाचणी करतो, तीही इथे चालत नाही, कारण ती चाचणी ॲल्युमिनियम असलेल्या लसींची आहे. तीसच्या तीस फेकल्या. मला आजही ती पेटी दिसते.

डॉ_देवगड (रविवार, दुपारी)

सिस्टर, उत्तम धागा. मी तेवीस वर्षं जनरल प्रॅक्टिस करतो आहे, तुमच्या निष्कर्षाशी पूर्ण सहमत. एक भर घालतो, कारण तुमच्या दुसऱ्या मैत्रिणीला ती उपयोगी पडेल.

नाईमेखन आणि कतार, दोन्हीकडे लस कोणी घ्यायची हे माणसांनी स्वतः ठरवलं होतं. चिठ्ठी टाकून दोन गट केलेले नव्हते. आपण भारतातल्या आरोग्य कर्मचाऱ्यांनी याचा अनुभव घेतलेला आहे. आठवा, २२ मार्च २०२० ला आयसीएमआरने (केंद्राची वैद्यकीय संशोधन परिषद) कोरोना टाळायला हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन, म्हणजे मलेरियाची जुनी गोळी, घ्यायची सूचना काढली. पहिल्या दिवशी ४०० मिलिग्रॅम दोनदा, मग आठवड्याला एक, सात आठवडे. मी घेतल्या, माझ्या कंपाउंडरने घेतल्या. त्यानंतर आपल्याच देशातल्या आरोग्य कर्मचाऱ्यांवरचा एक अभ्यास आला, त्यात चार किंवा जास्त डोस घेणाऱ्यांना लागण कमी दिसली. आम्हाला हायसं वाटलं. पुढे चिठ्ठ्या टाकून केलेल्या चाचण्या झाल्या आणि तो फायदा टिकला नाही. मार्च २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्रतिबंधासाठी ती देऊ नका, असं स्पष्ट सांगितलं.

तसंच बीसीजीचं, म्हणजे क्षयाच्या लसीचं. आपल्या प्रत्येकाच्या डाव्या दंडावर तो वण आहे. २०२० मध्ये किती जणांनी मला दंड दाखवून विचारलं, "डॉक्टर, आपल्याला हा आहे म्हणजे आपल्याकडे कोरोना फार येणार नाही ना?" त्यावर ऑस्ट्रेलियातून सुरू झालेली मोठी चाचणी झाली, पाच देशांत, सगळे आरोग्य कर्मचारी. निकाल २०२३ मध्ये आला. सहा महिन्यांत लक्षणं असलेला कोविड बीसीजी दिलेल्यांत १४.७ टक्के, न दिलेल्यांत १२.३. म्हणजे फायदा नाही. पहिल्या फळीच्या तयारीचा तोच सुंदर विचार बीसीजीच्या मागेही होता.

म्हणून फ्लूच्या लसीचं कोरोनाविरुद्धचं काम मी रुग्णाला सांगतच नाही. फ्लूविरुद्धचं सांगतो. लसीतले आणि फिरणारे फ्लूचे प्रकार चांगले जुळतील त्या वर्षी दवाखाना गाठावा लागेल असा फ्लू ती साधारण ४० ते ६० टक्क्यांनी कमी करते. माझ्या मते एवढं पुरेसं आहे.

आकडेमोड (रविवार, दुपारी)

मूळचा गुहागरचा, सध्या मुंबईत संख्याशास्त्र शिकवतो. टोपलीचं उदाहरण मी वर्गात वापरणार आहे, परवानगी असावी.

डॉक्टरांचा मुद्दा आपल्या भाषेत असा. जो खलाशी लाइफ जॅकेट घालतो, तोच सहसा हवामानाचा इशारा ऐकून होडी किनाऱ्याला आणतो. तो वाचला तर जॅकेटने वाचला की किनाऱ्याला आल्याने? नुसती नोंदवही बघून सांगता येत नाही. तसंच, दरवर्षी स्वतःहून फ्लूची लस घेणारी सिस्टर मास्कही घट्ट लावत असेल, गर्दीत कमी जात असेल. मात्र हे उलटही होऊ शकतं. ज्यांचा रुग्णांशी जास्त संबंध येतो तेच लस जास्त घेत असतील, तर लसीचा खरा फायदा झाकला जाईल. दोन्ही शक्यता खुल्या आहेत. म्हणून "कदाचित थोडी मदत होत असेल" इतकंच म्हणता येतं, आणि धागाकर्तीने नेमकं तेवढंच म्हटलं आहे.

कतारचा पल्ला तुम्ही लिहिलात हे फार बरं केलंत. बातम्यांत नुसते ८८.९ येतात.

सरळ_सांगतो (रविवार, संध्याकाळी)

ताई, तुमच्याबद्दल आदर आहे. पण लोक मेसेजवर विश्वास का ठेवतात हेही लिहा. मी चिपळूणचा. २०२१ ला आईला कोविशील्डचा पहिला डोस दिला तेव्हा दुसरा २८ दिवसांनी सांगितला. मग सहा ते आठ आठवडे झाले. मग ८४ दिवस. त्यात तौक्ते वादळ, मग २२ जुलैचा पूर. आम्ही गच्चीवर बसून होतो आणि आईचा दुसरा डोस राहिला तो राहिलाच. दर महिन्याला नियम बदलला की साधा माणूस म्हणतो, यांनाच ठाऊक नाही. मग घरातला कोणी मेसेज पाठवतो तो जवळचा वाटतो.

खाडीकाठची (रविवार, रात्री)

दादा, तुमचं खरं आहे. ८४ दिवसांचा नियम आला त्या दिवशी लसीकरणाच्या टेबलावर मीच होते. रांगेतली माणसं परत पाठवली. एक आजोबा पंचनदीच्या बाजूने दोन एसट्या बदलून आले होते. त्यांना मी कारण सांगू शकले नाही, कारण मलाही सकाळी फोनवर नुसता आकडा सांगितला होता. दोन डोसांमधलं अंतर वाढवल्यावर कोविशील्ड अधिक चांगलं काम करते असं परदेशातल्या चाचणीत दिसलं होतं, हे मला नंतर वाचून कळलं. ते त्या आजोबांना सांगितलं असतं तर ते चिडले नसते, असं वाटतं. म्हणून मी यावेळी आमच्या यादीसोबत कारणंही लिहून लावणार आहे, आणि जे पक्कं नाही ते पक्कं नाही असंच लिहिणार आहे.

आईंची तब्येत आता कशी आहे?

सरळ_सांगतो (रविवार, रात्री)

आई बरी आहे. दुसरा डोस शेवटी डिसेंबरात झाला. आता डायलिसिस चालू आहे, आठवड्यातून दोनदा. म्हणूनच हा धागा वाचत होतो.

डॉ_देवगड (सोमवार, सकाळी)

मग आईंना फ्लूची लस हवीच, आणि तुम्हालाही. नेफ्रॉलॉजिस्टना (मूत्रपिंडाच्या डॉक्टरांना) विचारून घ्या, बहुतेक ते स्वतःच सांगतील. डायलिसिसच्या खोलीत चार-चार तास लोक शेजारी शेजारी असतात. तिथल्या टेक्निशियनने लस घेतली आहे का, हेही विचारायला संकोच करू नका.

मिरजेची_आठवण (सोमवार, सकाळी)

मी लॅब टेक्निशियन. मार्च-एप्रिल-मे २०२० मध्ये आमचे स्वॅब मिरजेला जायचे. जूनमध्ये रत्नागिरीत जिल्हा रुग्णालयात तपासणी सुरू झाली तोवर रिपोर्टची वाट बघत माणसं आणि स्टाफ दोघं अडकून असायचे. तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात बसली आहे: लक्षणांवरून फ्लू की कोरोना हे सांगता येत नाही. आपल्याकडे पावसात तर त्यात लेप्टो, डेंग्यू आणि मलेरियाही आले. ताप, अंगदुखी, डोळे लाल, सगळं एकसारखं. शेतात चिखलणी करून आलेला माणूस खोकत असेल तर मी आता काहीच गृहीत धरत नाही.

त्यामुळे स्टाफने फ्लूची लस घेण्याचा एक साधा फायदा आहे जो वर कोणी लिहिला नाही. जुलैमध्ये सहा सिस्टर तापाने घरी बसल्या तर कोरोना की फ्लू हे कळेपर्यंत वॉर्ड कोण चालवणार? २०२० मध्ये निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडच्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती, त्यात तापाचे रुग्ण. त्या जूनमध्ये एकेक माणूस मोलाचा होता.

आणि एक. बाजारात चार प्रकारांवरची लस आणि तीन प्रकारांवरची, असा घोळ होतो. फ्लू बीचा यामागाता नावाचा प्रकार मार्च २०२० नंतर जगात नीट सापडलेलाच नाही. कोरोनासाठी लोक घरात बसले, मास्क लावले, त्यात तो मागे पडला तो आलाच नाही. म्हणून जागतिक आरोग्य संघटना आता तीन प्रकारांचीच शिफारस करते. चारवाली मिळाली तरी बिघडत नाही. तिच्यासाठी थांबू मात्र नका.

आंबेवाली_सून (सोमवार, दुपारी)

आमच्या घरात नणंद स्टाफ नर्स आहे आणि पाचवा महिना चालू आहे. तिने फ्लूची लस घ्यावी का? सासूबाई नको म्हणतात. आणि तिला अंड्याची ॲलर्जी आहे, ते वेगळंच.

खाडीकाठची (सोमवार, दुपारी)

घ्यावी. गरोदरपणात तर आवर्जून सांगतात, कारण तेव्हा फ्लू जड जातो. सुईची लस म्हणजे मेलेल्या विषाणूची, ती कुठल्याही महिन्यात चालते. नाकात फवारायची जिवंत विषाणूची असते, ती मात्र गरोदरपणात नको. लस घेतल्यावर आईच्या अंगात जे तयार होतं ते बाळाकडेही जातं, आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला स्वतःची फ्लूची लस देता येत नाही. सासूबाईंना हे सांगून बघा. नातवंडाचं सांगितलं की त्या ऐकतील असं वाटतं.

अंड्याचं पूर्वी फार मानायचे. आता अंड्याची ॲलर्जी असली तरी देतात. लस घेतल्यावर पंधरा मिनिटं बसवून ठेवायचं, जसं सगळ्यांनाच बसवतो. याआधी फ्लूच्याच लसीने मोठी रिॲक्शन आली असेल तर मात्र नाही. तिच्या प्रसूतितज्ज्ञांशी बोलून घ्या.

भरती_ओहोटी (सोमवार, रात्री)

फ्लूच्या लसीने हातपाय लुळे पडतात असं ऐकलंय. खरं आहे का?

डॉ_देवगड (सोमवार, रात्री)

गियाँ-बारे आजाराबद्दल विचारताय. १९७६ मध्ये अमेरिकेत स्वाइन फ्लूची एक लस घाईने दिली गेली, तेव्हा हा धोका स्पष्ट दिसला आणि ती मोहीम थांबवली. आजच्या लसींत तो धोका असला तर दहा लाखांत एक-दोन इतका. खुद्द फ्लू झाल्यावर हा आजार होण्याचा धोका त्याहून जास्त आहे. ज्यांना आधी हा आजार झाला आहे त्यांनी डॉक्टरांना सांगितल्याशिवाय लस घेऊ नये.

वेंगुर्ल्याची_आशा (सोमवार, रात्री)

ताई, मी आशा म्हणान काम करतंय. माका पुस्तकी मराठी लिवूची सवय नाय, तेवा असाच लिवतंय. तुमचा सगळा वाचलंय. 'माझं कुटुंब, माझी जबाबदारी'च्या वेळाक आमी घरोघर फिरलव. बोटाक ऑक्सिमीटर लावलव, ताप बघलव. एका घरातसून दुसऱ्या घरात. घराक माझी सासू आसा, ऐंशी वर्साची. रोज परसात हातपाय धुवन, कापडा बदलून मगे घरात जायचंय, तरी भीती वाटायची. ही फ्लूची लस मेडिकलात दीड-दोन हजाराक गावता म्हणतत. आमच्या मानधनात ती कशी घेवची? रुग्णालयातले सिस्टर घेतले, डॉक्टर घेतले, बरा झाला. पण ताप इलेल्या माणसाक पयली भेटता ती आमी.

आकडेमोड (सोमवार, रात्री)

या प्रतिसादापुढे माझे सगळे आकडे बाजूला ठेवतो. कतारच्या ३०,७७४ मध्ये अशी दारोदार फिरणारी माणसं असतील असं वाटत नाही. धोका कोणाला किती, हे मोजायचं तर आपल्याकडे सुरुवात आशाताईंपासून करायला हवी.

मिरजेची_आठवण (मंगळवार, सकाळी)

अनुमोदन.

खाडीकाठची (मंगळवार, दुपारी)

आशाताई, काल रात्री तुमचं वाचलं आणि झोप लागली नाही. आमच्या यादीत आमच्या भागातल्या आशांची नावंच नव्हती. ती यादी मीच केली होती. पूर्ण चूक माझी आहे. सकाळी आमच्या मेडिकल ऑफिसरांशी बोलले. लसीचे पैसे आम्ही वर्गणी काढूनच देतो आहोत, त्यामुळे कोणाची परवानगी अडत नव्हती. दोन डॉक्टरांनी प्रत्येकी तीन-तीन जणींचे दिले, आमच्या भागातल्या सहा आशा झाल्या. तुम्ही वेंगुर्ल्याला, तिथे माझा हात पोचत नाही. पण तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मेडिकल ऑफिसरांना लेखी अर्ज द्या, तुमच्या बाकीच्या मैत्रिणींच्या सह्या घेऊन. तोंडी सांगू नका, आवक क्रमांक घ्या. मसुदा मी करून देते, संपर्कातून निरोप पाठवा.

डॉ_देवगड (मंगळवार, दुपारी)

सिंधुदुर्गातला आहे, अर्जाच्या मागे लागायला मी येतो. आणि अर्जाचं होईपर्यंत आशाताईंच्या लसीचं माझ्याकडे. त्या देवगडला येऊ शकत नसतील तर वेंगुर्ल्यात माझा एक वर्गमित्र प्रॅक्टिस करतो.

वेंगुर्ल्याची_आशा (मंगळवार, रात्री)

डॉक्टर, देव बरा करो. पण माका एकटीक नको. आमी नव जणी असव. अर्ज करुया.

सरळ_सांगतो (बुधवार, सकाळी)

आईचं आज नेफ्रॉलॉजिस्टना विचारलं. ते म्हणाले, याच आठवड्यात घ्या. कोरोनाचा डोसही राहिलाय तिचा. दोन्ही एकाच दिवशी चालतील का? २०२१ ला १४ दिवस थांबा म्हणाले होते.

डॉ_देवगड (बुधवार, सकाळी)

तेव्हा माहिती नव्हती म्हणून १४ दिवस सांगितले होते. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये ६७९ जणांवर चाचणी झाली. कोविशील्डचाच फॉर्म्युला असलेली तिकडची लस आणि फायझरची, दोन्ही फ्लूच्या लसीबरोबर एकाच दिवशी देऊन पाहिल्या. अडचण आली नाही. दोन हातांत दोन घ्यायच्या. आईंच्या ज्या हाताला फिस्टुला (डायलिसिससाठी जोडलेली शीर) आहे त्या हातात सुई नको, हे नर्सला आधी सांगा. त्यामुळे दुसऱ्याच हातात दोन्ही, इंचभर अंतर ठेवून, किंवा दोन वेगळ्या दिवशी. कोरोनाची लस सध्या कुठे मिळते ते मात्र आधी फोन करून बघा.

खाडीकाठची (गुरुवार, रात्री)

आजची खबर देते. यादीत चोवीस नावं झाली, सहा आशा धरून. मेसेज दाखवणाऱ्या मैत्रिणीने नाव घातलं. मी तिला टोपलीचं सांगितलं, तिचं माहेर हर्णैचं आहे, पुढे काही बोलावं लागलं नाही. दुसरीने फ्लूच्या लसीला नाव आधीच दिलं होतं. कोरोनाच्या डोसचं तिला मी बीसीजीच्या चाचणीसकट सगळं सांगितलं. ती म्हणाली, विचार करते. दोघी जणी अजून नको म्हणतात. त्यातल्या एकीला मागच्या वर्षी लस घेतल्यावर दोन दिवस ताप होता. तो ताप म्हणजे फ्लू नव्हे, मेलेल्या विषाणूने फ्लू होत नाही, हे सांगून झालं. पुढच्या आठवड्यात पुन्हा बसेन तिच्याशी.

डब्याच्या खोलीचंही झालं. खिडकीला बाहेरून पत्र्याची पडवी लावून घेतली, म्हणजे पावसातही ती उघडी राहील. जेवायला एका वेळी दोघी.

पेटी दुपारी साडेतीनला आली. यावेळी साध्या फ्रीजमध्ये नाही, आयएलआरच्या (लसींसाठीच्या खास फ्रीजच्या) जाळीत वरच्या बाजूला ठेवली आहे, बाजूंना न टेकता. संध्याकाळची नोंद मीच केली, ४ अंश. सकाळची आठच्या ठोक्याला करायची आहे, आणि साडेनऊपासून लसीकरण. आशाताई, अर्जाचा मसुदा तुम्हाला पाठवला आहे. नऊ सह्यांसाठी जागा सोडली आहे.

वेंगुर्ल्याची_आशा (शुक्रवार, सकाळी)

गावलो. सात सह्यो झाल्यो. दोघी जणी सड्यावरच्या वाडीत रवतत, आज थयसर सर्वेक जातंय, तेवा घेवन येतंय.